चित्रातले एकच घर



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या या ग्रंथालयाने मला धामनोदहून अगत्याने बोलावले, याबद्दल मी ऋणी आहे. मी चित्रकार नव्हे, मराठीचा अध्यापक आहे. तरी आज चित्राविषयी बोलणार आहे, आणि त्याचे कारण याच वास्तूतील एका कपाटात आहे.

विद्यार्थिदशेत सुटीत येथे येत असे, तेव्हा एक जाडजूड इंग्रजी चित्रसंग्रह हाती लागला होता. त्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एक जलरंगचित्र होते. स्कॉटलंडच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख, ज्याला हायलँड्स म्हणतात, तेथील. धुक्यात विरघळणारे डोंगर, गवताने शाकारलेले दगडी घर, छपरातून निघणारा धूर, दोन गुरे आणि पाठीवर जळणाची पाटी घेतलेली एक बाई. चित्रकाराचे नाव स्मरणात राहिले नाही; बाई राहिली. आमच्या निमाडातली बाई मोळी डोक्यावर घेते, ही पाठीवर घेते, एवढाच भेद मला त्या वयात जाणवला.

पुष्कळ वर्षांनी दुसराच प्रश्न पडला. एवढ्या विस्तीर्ण खोऱ्यात घर एकच कसे?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे शंभर वर्षे तेथील जमीनदारांनी पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळे उठवली आणि बव्हंशी मेंढ्यांसाठी खोरी मोकळी केली. 1814 साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात लोक परत येऊ नयेत म्हणून घरांना आगी लावल्या गेल्या. 1846 पासून बटाट्याचे पीक कुजले आणि उपासमार आली. कित्येकांनी कॅनडाची वाट धरली. आणि याच सुमारास, 1848 साली, राणी बाल्मोरलला प्रथम राहावयास गेली. चार वर्षांनी ती मालमत्ता राजघराण्याने विकतच घेतली. राणी स्वतः जलरंगात निसर्गचित्रे काढी. विल्यम लेटन लीच हा ग्लासगोचा चित्रकार तिचा शिक्षक होता. राणीला जे आवडले ते लंडनलाही आवडू लागले. कुळांना कायद्याचे संरक्षण मात्र 1886 साली मिळाले.

जलरंगाची एक गंमत चित्रकार मित्राने मला सांगितली. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा लावीत नाहीत; कागद कोरा सोडतात, तोच पांढरा. मग त्या चित्रातले शुभ्र धुके म्हणजे चित्रकाराने काहीच न काढलेली जागा! त्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्याला जे दिसले ते त्याने मनापासून काढले. पण तो पोहोचला तेव्हा माणसे निघून गेली होती, आणि चित्रात ते रितेपण निसर्गाचेच वाटते.

हीच जलरंगाची विद्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेमार्फत आपल्याकडे रुजली. इंदुरास दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांनी 1927 मध्ये होळकरांच्या आश्रयाने चित्रशाळा सुरू केली. बेंद्रे, हुसेन हे त्यांचे शिष्य सर्वांना ठाऊक आहेत. मला आमचे शेजारी देवकृष्ण जटाशंकर जोशी अधिक जवळचे वाटतात. ते महेश्वरचे, धामनोदहून महेश्वर जवळच आहे. जोशींनी नर्मदेचे घाट आणि निमाड-माळव्याची माणसे रंगवली. घाटावरची माणसे काढून टाकली तर त्यांच्या चित्रात नुसते दगड उरतील. परकीय पाहुणा आणि गावचा माणूस यांच्या नजरेतला हा फरक मला मोलाचा वाटतो.

परंतु गावचा माणूसही उद्या तेथे नसेल तर? आमच्या धार जिल्ह्यातील चिखलदा, निसरपूर ही नर्मदाकाठची गावे सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेली. 2019 च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. आता कोणी तेथे कागद घेऊन बसला, तर फार सुंदर जलरंगचित्र होईल. अथांग पाणी, पलीकडे निळसर टेकड्या, एखादी होडी. घर एकही नाही.

पुनर्वसन वसाहतीत राहणारा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. निबंधाच्या वहीत त्याने आपले बुडालेले घर पेन्सिलीने काढले होते. ओटा, दार, गोठा, सारे नीट. एका ठिकाणी मात्र खोडून खोडून कागद फाटला होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "सर, निंब दाराच्या डावीकडे होता की उजवीकडे, ते आठवत नाही. आजीला विचारले तर ती म्हणते, मी आतून बघायची, तू बाहेरून बघायचास, दोघांचे कसे जुळणार?"

ती वही मी त्याच्याकडून मागून घेतली आहे. आज सोबत आणली आहे. विश्वस्त मंडळींची हरकत नसेल तर ती त्या इंग्रजी चित्रसंग्रहाशेजारीच ठेवावी, अशी माझी विनंती आहे. विद्यार्थ्याची संमती आहे. फक्त फाटलेल्या जागी कोणी चिकटपट्टी लावू नये, असे त्याने बजावले आहे.