आल्बमवर स्वतःचं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय ऐकून काही जण रेडिओचा कान पिळतील, तेव्हा आधीच विनंती करतो, थोडं थांबा. रॉक संगीतातला एखादा जुना कलावंत बऱ्याच वर्षांनी परत येतो आणि एकट्याच्या नावावर आल्बम काढतो, त्याबद्दल मी बोलणार आहे. मी राहतो कासा इथं, डहाणू तालुक्यात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका लागतो आणि तिथून जव्हारच्या रस्त्याला वळलं की आमचं गाव येतं. भात, नदी, आठवड्याचा बाजार आणि चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा हे आमचं जग. रॉकचा आणि आमचा संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे, तो बोलण्याच्या ओघात येईलच.

आधी 'परत येणं' म्हणजे काय ते पाहू. रॉक हे मुळात टोळीचं संगीत आहे. चार-पाच जण एकत्र येतात, कुणी गिटार, कुणी ड्रम, कुणी गळा, आणि सगळ्यांचं मिळून एक नाव असतं. लोक त्या नावावर प्रेम करतात. मग टोळी फुटते. कुणी जाहिरातींच्या धंद्यात जातो, कुणी परदेशात, कुणी पोटापाण्याच्या नोकरीत. वीस-पंचवीस वर्षं जातात. मग त्यातल्या एकाला वाटतं, अजून काही सांगायचं राहिलंय. आता तो टोळीच्या नावाआड उभा राहू शकत नाही. वेष्टणावर त्याचं एकट्याचं नाव असतं. गाणं पडलं तर तोच पडतो.

महाराष्ट्रात रॉक आलं तेव्हा ते मुंबईच्या कॉलेजांतून आणि स्पर्धांतून आलं. १९७० आणि १९७१ साली सिमला सिगारेटच्या नावानं देशभरातल्या बँडांची स्पर्धा झाली होती. त्या काळच्या मुंबईत एक मराठी मुलगा या संगीतात शिरला, तो नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा, म्हणजे घरात मराठी रंगभूमी नांदत होती. तो 'वेल्व्हेट फॉग' या बँडमध्ये गायला. अलेक पदमसींनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' मुंबईत उभं केलं, त्यात तो ज्यूडास झाला. पुढं पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त त्यानं अंकुश केला, म्हणजे रॉकचा गळा थेट मराठी नाटकात आला. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये त्याचं गाणं आहे. २०१४ मध्ये तो गेला. रॉक गाणारा माणूस मराठी असू शकतो, हे त्यानं माझ्या पिढीला पहिल्यांदा दाखवलं.

आता गोव्याला जाऊ. रेमो फर्नांडिस मुंबईत जे. जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकला आणि इथंच 'द सॅव्हेजेस' या बँडमध्ये वाजवत होता. मग तो युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत भटकला आणि गोव्यात परतला. १९८४ साली त्यानं 'गोवन क्रेझी' हा आल्बम काढला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, म्हणजे म्हातारा मुळीच नव्हता. तरी हे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण टोळीतून बाहेर पडून एकटा माणूस काय करू शकतो, ते त्यात दिसतं. त्यानं शिवोलीच्या घरात चार ट्रॅकचं, कॅसेटवर चालणारं एक छोटं यंत्र मांडलं. गाणारा तोच, वाजवणारा तोच, आवाज टिपणाराही तोच.

हे चार ट्रॅकचं प्रकरण थोडं समजून घेण्यासारखं आहे. अशा यंत्रात टेपच्या पट्टीवर आवाजाचे चार ओळीनं चालणारे मार्ग असतात. पहिल्यावर गिटार, दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर ताल भरला की मग हे तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे. आता पहिले तीन पुन्हा मोकळे झाले. त्यावर गळा भरा, बासरी भरा. मात्र प्रत्येक उतरवणीत टेपची सरसर वाढते आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. म्हणजे ताल मोठा की गिटार मोठी, हे आधीच ठरवावं लागतं. एकट्यानं काम करणाऱ्याला असे निर्णय दर पायरीवर घ्यावे लागतात आणि शेजारी विचारायला कुणी नसतं. कॅसेट तयार झाल्यावर रेमोनं त्या स्वतःच स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. मोठ्या कंपन्या नंतर आल्या, चित्रपट आले आणि २००७ मध्ये पद्मश्रीही आली. त्या सगळ्याची सुरुवात घरातल्या एका खोलीत झाली होती.

दुसरं उदाहरण मुंबईचं. १९८४ साली 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया ही त्यातली नावं. १९९३ मध्ये त्यांनी स्वतःला 'इंडस क्रीड' म्हणवून घेतलं, १९९५ मध्ये त्याच नावाचा आल्बम आला आणि १९९७ मध्ये सगळं थांबलं. २०१० मध्ये ही मंडळी पुन्हा जमली आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व' हा आल्बम निघाला. दोन आल्बमांमध्ये सतरा वर्षांचं अंतर! हा एकट्याचा आल्बम नव्हता, पण परत येणाऱ्यापुढचा मोठा पेच इथं स्पष्ट दिसतो. सतरा वर्षांनी समोर आलेल्या श्रोत्याला काय हवं असतं? त्याला त्याचं स्वतःचं कॉलेजचं वय परत हवं असतं. जुनं गाणं वाजलं की तो तेवढ्यापुरता विशीत जातो. परत आलेल्या कलावंतानं नुसती जुनीच गाणी वाजवली तर सभागृह भरतं, टाळ्याही मिळतात. या मंडळींनी नवी गाणी रचली, हे मला महत्त्वाचं वाटतं. नवं गाणं म्हणजे श्रोत्याला सांगणं, की बाबा रे, तुझंही वय झालंय आणि माझंही.

तिसरं उदाहरण अमेरिकेचं आहे, आणि वयाच्या बाबतीत सगळ्यात बोलकं आहे. जॉनी कॅश हा तसा कंट्री संगीताचा माणूस, पण एल्विस प्रेस्ली जिथून निघाला त्याच सन रेकॉर्ड्समधून तोही निघाला आणि रॉकवाल्यांनी त्याला आपला मानलं. १९८६ मध्ये त्याच्या जुन्या कंपनीनं त्याच्याशी करार पुढं चालवला नाही. जवळजवळ तीस वर्षांचं नातं होतं ते. पुढची काही वर्षं तो बाजारात जवळपास मोडीत निघाला होता. मग रिक रुबिन नावाचा, रॅप आणि हेवी मेटलचे आल्बम करणारा तरुण निर्माता त्याच्याकडे आला. त्यानं या बासष्ट वर्षांच्या गायकाच्या पाठीमागची सगळी सजावट काढून टाकली. कॅश, त्याची गिटार आणि समोर मायक्रोफोन. बरीचशी गाणी रुबिनच्या दिवाणखान्यात टिपली गेली. १९९४ चा 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' तो हाच. त्याला ग्रॅमी मिळालं. पुढं २००२ मध्ये कॅशनं 'हर्ट' हे ट्रेंट रेझनर या तरुण रॉक गायकाचं गाणं म्हटलं. आवाज थकलेला, हात थरथरणारे. तरुणानं लिहिलेले तेच शब्द म्हाताऱ्याच्या तोंडून आले आणि त्यांचा अर्थच बदलला. पुढच्या वर्षी कॅश गेला.

इथं मला जे सांगायचं आहे ते येतं. परतलेला कलावंत दोन वाटांनी जाऊ शकतो. एक वाट आवाज होता तसाच आहे असं भासवण्याची. सूर यंत्रानं सरळ करायचा, वाद्यांचा गलका वाढवायचा, केस काळे करायचे. दुसरी वाट, आज जो आवाज उरला आहे त्याला शोभेल असं गाणं शोधण्याची. सूर दोन पट्ट्या खाली आणावा लागला तर आणावा. श्वास अपुरा पडत असेल तर ओळी आखूड कराव्यात. आल्बम टिकतात ते या दुसऱ्या वाटेचे. कारण विशीतला गाणारा दुसरा कुणीही मिळेल, पण साठीत गाणारा हा एकच असतो.

आता कासा. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, नाव सांगत नाही. ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. जत्रेत, गणपतीत, लग्नाच्या हळदीला त्यांची मंडळी जायची. पुढं कॅसेटचा जमाना आला तेव्हा एका कंपनीनं त्यांच्याकडून लग्नगीतांच्या चाली करून घेतल्या. ठोक रक्कम हातावर ठेवली आणि वेष्टणावर फक्त कंपनीचं नाव छापलं. त्या चाली आजही आमच्या मांडवांत वाजतात. परवा ते मला म्हणाले, "गुरुजी, अकरा गाणी तयार आहेत. पण आता या वयात माझं कोण ऐकणार? निवृत्तीचे पैसे त्यात घालू का?"

पैशाचं उत्तर सोपं आहे. रेमोला जे यंत्र विकत आणावं लागलं, त्याहून जास्त ट्रॅक आज खिशातल्या मोबाइलमध्ये मावतात. एक बरा माइक, रात्रीची शांत खोली आणि भिंतींना लावायला गोधड्या एवढ्यावर सुरुवात होते. निवृत्तीची पुंजी मोडायचं कारण नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगीत असो की आल्बम, गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता कराराच्या एका सहीनं काढून घेता येत नाही. वाजवणाऱ्याचा आणि गाणाऱ्याचाही हक्क कायद्यात आहे आणि तो पन्नास वर्षं चालतो. म्हणून प्रत्येक गाण्याबरोबर शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी, तारीख कोणती, हे कागदावर लिहून ठेवा, असं मी त्यांना सांगितलं.

कोण ऐकणार, या प्रश्नाचं उत्तर मात्र मला आमच्याच भागात मिळतं. भात पिकलं की आमच्या पाड्यांवर तारपा निघतो. वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढं पानांचा कर्णा, सांधे मेणानं बंद केलेले. तारपकरी गाल फुगवून नाकानं श्वास घेत राहतो आणि सूर तुटू देत नाही. नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात आणि तारप्याला पाठ करत नाहीत. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हा फेर कागदावर आणला आणि जगभर नेला. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रात फेराच्या मध्यभागी तारपा वाजवणारा असतो. त्या माणसाचं नाव काय, हे सहसा कुणी विचारत नाही. मोबाइलवर तारप्याच्या चित्रफिती मी पुष्कळ पाहतो. खाली 'आदिवासी नृत्य' एवढंच लिहिलेलं असतं.

जानेवारी २०२६ मध्ये पद्म पुरस्कारांची यादी आली आणि तिच्यात जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव होतं. नव्वदीच्या घरातला तारपावादक! हे परत येणं नाही, कारण हा माणूस कुठं गेलाच नव्हता. तो वाजवत होता, आपलं लक्ष नव्हतं. पण एका अर्थानं त्या यादीतली ती एक ओळ म्हणजे त्यांचा एकट्याच्या नावाचा आल्बमच आहे. आयुष्यभर फेराच्या मध्यभागी उभं राहिलेल्या माणसाचं नाव देशानं मोठ्यानं उच्चारलं.

रॉकवाल्याचा एकट्याचा आल्बम आणि तारपकऱ्याची पद्मश्री यांत मला एकच मागणी ऐकू येते. हे मी केलं आहे, हा माझा श्वास आहे, एवढं नोंदवून ठेवा. म्हणून श्रोत्यांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या गावात, गल्लीत, नात्यात कुणी जुना वाजवणारा असेल. बँडवाला असेल, ऑर्केस्ट्रावाला असेल, भजनी मंडळातला पखवाजी असेल. त्याला 'ते जुनं वाजवा' असं म्हणण्याआधी एकदा विचारा, सध्या नवीन काय चाललंय? तो वाजवेल. मोबाइलवर टिपून घ्या. आणि खाली आधी त्याचं पूर्ण नाव लिहा, मग गावाचं, मग तारीख. आमच्या त्या गृहस्थांच्या अकरांपैकी चार गाण्यांवर असं नाव आता लिहून झालं आहे. उरलेली सात पाऊस सुरू होण्याआधी उरकायची आहेत, कारण एकदा का पत्र्यावर पाऊस वाजू लागला, की चार महिने आमच्याकडे दुसरं काहीच टिपता येत नाही.