अरुंधती दिसावी कोठून?



विवाहविधीत वराने वधूला अरुंधतीचे दर्शन घडवावे, असा संकेत आहे. सप्तर्षींतील वसिष्ठाला लगटून असलेली ही तारका चौथ्या प्रतीची, म्हणजे मंदच. काळोख्या आकाशात ती सहज गवसते. मंगल कार्यालयाच्या झगझगीत प्रांगणात मात्र गुरुजी बोट दाखवतात ते अंदाजाने आणि वधूवर मान डोलावतात ती केवळ श्रद्धेने. ज्या अमळनेरात मंगळ ग्रहाचे मंदिर आहे, तेथे तरी आकाश दिसेनासे होऊ नये.

प्रकाश हा शत्रू नव्हे. रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे नगरपालिकेचे कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो हा की, हा प्रकाश जातो कोठे? बागेतला उघडा गोल दिवा जवळजवळ निम्मा प्रकाश आभाळाकडे उधळतो. त्याचे वीजबिल मात्र करदात्याला पूर्ण भरावे लागते.

जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने पथदीपांसाठी एलईडीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जुन्या दिव्यांच्या मानाने सुमारे निम्म्या विजेत काम भागू लागले. ही बचत खरीच. पण प्रकाश स्वस्त झाला की माणूस तो अधिक जाळतो. शिवाय पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा अंश जास्त असतो आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते ते याच कारणाने. मुख्यतः युरोप-अमेरिकेतील हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली 'सायन्स' नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, २०११ ते २०२२ या काळात रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेले.

यावर उपाय आहे आणि तो महाराष्ट्रातच झाला आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतील शंभरावर दिवे बदलून खाली प्रकाश टाकणारे दिवे बसवण्यात आले. गावे अंधारात लोटली गेली नाहीत. फ्रान्सने तर दुकानांच्या काचा व इमारतींचे दर्शनी भाग रात्री एकनंतर उजळू नयेत, असा नियम २०१३ पासूनच लागू केला.

'दिवे झाकले तर लेकीबाळींनी रात्री यायचे कसे?' ही शंका रास्त आहे, ती थट्टेवारी नेऊ नये. परंतु डोळ्यांवर येणारा झोत समोरचा माणूस दाखवत नाही, लपवतो. त्या झोतापलीकडची सावली अधिकच काळी भासते. झाकलेला, पिवळसर, पावलांपुढे पडणारा दिवा वाट अधिक चांगली दाखवतो.

वैशाखात बोरीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. तेथील तात्पुरत्या दिव्यांना पत्र्याच्या छत्र्या बसवून आरंभ करता येईल. त्यासाठी खांब बदलावे लागत नाहीत. लग्नसराईही तेव्हाचीच, आणि वैशाखात सप्तर्षी रात्रीच्या पहिल्या प्रहरीच उत्तरेला उंच आलेले असतात.