मार्गारेट वेड आणि त्यांचा संघ
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी मार्गारेट वेड या अमेरिकन बाईंविषयी चार शब्द सांगणार आहे. नाव ऐकून काहीजणी हसल्या, ते मी पाहिले. पण आडनाव खरेच वेड आहे, आणि बास्केटबॉलचे वेडही त्यांना होतेच.

त्यांचा जन्म १९१२ चा, मिसिसिपी राज्यातला. क्लीव्हलंड गावच्या डेल्टा स्टेट कॉलेजात त्या खेळत आणि संघाच्या कर्णधार होत्या. १९३२ साली, शिक्षणाचे एक वर्ष राहिले असताना, कॉलेजने मुलींचा संघच बंद केला. कारण काय, तर हा खेळ मुलींना झेपण्यासारखा नाही! मुली रडल्या आणि त्यांनी आपले खेळाचे पोशाख जाळून टाकले. त्याच मिसिसिपीत बायका उन्हातान्हात कापूस वेचत होत्या. ते त्यांना कसे झेपते, हे कोणी विचारले नाही.

पुढे दोन वर्षे त्या टुपेलोच्या संघातून खेळल्या. मग क्लीव्हलंडच्या हायस्कुलात मुलींना शिकवू लागल्या. एकोणीस वर्षांत त्यांच्या मुलींनी ४५३ सामने जिंकले, ८९ हरल्या, ६ बरोबरीत सुटले. १९५९ साली त्या शिकवायला डेल्टा स्टेटमध्येच परत आल्या. पण मुलींचा संघ तिथे अजून नव्हताच. मुलामुलींना शिक्षणात समान संधी देणारा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला आणि १९७३ मध्ये कॉलेजने संघ पुन्हा उभा केला. शिकवायला कोण? तर साठी गाठलेल्या मार्गारेटबाई.

आपल्या मंडळात खेळाचा तास सुरू करावा की नाही यावर बोलणे चालले आहे. 'चाळिशीनंतर काय उड्या मारायच्या?' असे काहीजणी म्हणतात. मी तासाच्या बाजूने हात वर केला आहे, हे इथेच सांगून टाकते.

दुसऱ्याच वर्षी त्यांचा संघ २८ पैकी २८ सामने जिंकला. १९७५ च्या अंतिम सामन्यात, तीन वर्षे लागोपाठ अजिंक्य राहिलेल्या इमॅक्युलाटा कॉलेजला त्यांनी ९०–८१ असे हरवले. १९७६ आणि १९७७ ची अजिंक्यपदेही त्यांचीच. मध्ये लागोपाठ ५१ सामने त्यांनी गमावले नाहीत.

त्यात लुशिया हॅरिसचा वाटा फार मोठा. सव्वासहा फूट उंच, कापूस वेचणाऱ्या घरातली, संघातली एकटीच काळी मुलगी. मिसिसिपीत काळ्यागोऱ्यांच्या शाळाही वेगळ्या असत, हे ध्यानात घ्या. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये बायकांचे बास्केटबॉल पहिल्यांदा खेळले गेले, आणि तिथला पहिला गोल लुशियाचा. १९७७ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या पुरुषांच्या धंदेवाईक संघाने तिची निवड केली. तिला तेव्हा दिवस गेले होते. ती गेली नाही. मला तिचे काही चुकले असे वाटत नाही. घरी बसूनच बरोबर-चूक ठरवणारे पुष्कळ असतात.

मार्गारेटबाई १९७९ मध्ये निवृत्त झाल्या. उत्तम कॉलेज खेळाडू मुलीला १९७८ पासून दिला जाणारा चषक त्यांच्या नावाचा आहे. १९८५ साली बास्केटबॉलच्या सन्मान-मंदिरात पहिल्यांदाच बायकांना जागा मिळाली, त्या तिघींपैकी या एक. १९९५ मध्ये त्या वारल्या.

अध्यक्षीणबाईंनी घंटा वाजवली, तेव्हा थांबते.