आधी माप, मग जागा

मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. तरी आज बोलणार आहे संगणकाच्या सी भाषेविषयी. माझी लेक याच भाषेत प्रोग्राम लिहिते. आपले बँकेचे व्यवहार ज्या यंत्रणांवर चालतात, त्यांच्या तळाशी आजही ही भाषा आहे.

बाहेरून आलेला मजकूर प्रोग्रामला तात्पुरता कुठेतरी ठेवावा लागतो. त्या जागेला बफर म्हणतात. ती दोन ठिकाणी मिळते. एक स्टॅक, म्हणजे ताटांची चळत. काम सुरू झालं की वर ताट ठेवायचं, संपलं की ते आपोआप उचललं जातं. झटपट सोय; पण चळत लहान, लिनक्सवर सहसा ८ मेगाबाइटची. दुसरी हीप, म्हणजे भाड्यानं आणलेली भांडी. मोठी मिळतात, हवी तितका वेळ ठेवता येतात. पण 'मॅलॉक' म्हणून मागायची आणि 'फ्री' म्हणून आठवणीनं परत करायची. तेव्हा लहान, ठरल्या मापाचं, लगेच संपणारं ते स्टॅकवर. मोठं किंवा मागाहून लागणारं ते हीपवर.

पण एवढ्यानं भागत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत 'मॉरिस वर्म' पसरला. 'फिंगर' नावाच्या सेवेत स्टॅकवर ५१२ बाइटांचा बफर होता. त्यात त्यानं ५३६ बाइट ओतले. जादा मजकूर परतीच्या पत्त्यावर सांडला आणि यंत्र निमूटपणे परक्याच्या पत्त्यावर गेलं.

मग हीप सुरक्षित? २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' उघडकीस आला. 'ओपनएसएसएल'मध्ये हीपवरच्या बफरबाबत मागणाऱ्यानं सांगितलेली लांबी खरी मानली जाई. एका खेपेला ६४ किलोबाइटांपर्यंत शेजारचा मजकूर बाहेर जाई. त्यात लोकांचे पासवर्डही सापडत.

दोन्हीकडे जागा निराळी, चूक एकच: माप तपासलं नव्हतं. सी भाषा स्वतः मोजत नाही, लिहिणाऱ्यावर विश्वास टाकते. गझलेत एक मात्रा वाढली तर लय बिघडते, जाणकार नाक मुरडतात, इतकंच. इथे मात्र अनोळखी माणसांच्या तिजोऱ्या उघड्या पडतात.

'फिंगर'मधली 'गेट्स' ही आज्ञा माप विचारतच नसे. २०११ च्या सी मानकातून ती काढून टाकली गेली. मोजण्याचं काम मात्र लिहिणाऱ्याकडेच राहिलं आहे.