कुलूप, चावी आणि कुल्फी



उन्हाळ्यात कन्हानच्या बाजारात पिस्त्याची कुल्फी दिसली, की आपल्या तोंडाला पाणी सुटते. आज तिचे नावही जरा चाखू या.

पिस्ता हा शब्द फारसी. पिस्ता इराणच्या कोरड्या मुलखातला. तो आला, तो नाव घेऊनच आला. अरबीत कुलपाला 'कुफ्ल' म्हणतात. बोलता बोलता अक्षरे उलटसुलट झाली. त्यातून आपले कुलूप झाले, अन् कुल्फीही झाली. कारण आटवलेले दूध साच्यात भरतात, झाकण घट्ट लावतात आणि साचा मीठ घातलेल्या बर्फात पुरतात. म्हणजे दूध कुलपातच ठेवले की! आणि चावी? तो शब्द पोर्तुगीज. पण दार उघडते आपल्या मराठी घराचे.

कोणी म्हणतात, 'तुमची भाषा शुद्ध नाही.' आपण लाजायचे कारण नाही. कन्हान स्टेशनावर आपण तिकीट मागतो, तो शब्द इंग्रजी. अर्ज, कागद, सही हे शब्दसुद्धा बाहेरचेच. कचेरीत ते चालतात, मग आपल्या बोलीतले का चालू नयेत? तोंडात येईल तो शब्द बेधडक लिहू या. मात्र कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही. आता अक्षरांची चावी आपल्या हाती आली आहे. ती दुसऱ्याकडे कशाला द्यायची?