ओठांवरून सारे कळत नाही



कर्णबधिर रुग्णाने डॉक्टरांच्या ओठांकडे पाहून मान डोलावली, की त्यास सर्व समजले असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः ‘पोट’ व ‘बोट’ हे शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात. क, ख, ग हे कंठ्य वर्ण तर ओठांवर उमटतच नाहीत. उरलेले रुग्ण अंदाजाने जुळवितो आणि अंदाज परिचित भाषेतच बांधता येतो. गडचिरोलीत ज्याच्या घरी माडिया वा गोंडी बोलली जाते, त्याने मराठी ओठ कसे वाचावेत? मुखपट्टी असल्यास तोही आधार उरत नाही.

औषधाची मात्रा व शस्त्रक्रियेची संमती अंदाजावर सोपविता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने सांकेतिक भाषेचा संवादाच्या साधनांत समावेश केला आहे.

म्हणून आमची विनंती अशी : घरच्या खुणा जाणणाऱ्या आप्ताने रुग्णासोबत यावे. वाचता येणाऱ्यास लिहून, इतरांस चित्रांनी सांगावे. ‘समजले का?’ असे न विचारता ‘काय समजले?’ ते त्याच्याकडून जाणून घ्यावे. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासाठी देणगीदारांनी साहाय्य करावे, ही प्रार्थना.