वॉशिंग्टनच्या घरातून निघून गेलेली मुलगी

जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकली असेल. मीही ऐकली, आणि पुढे नगर जिल्ह्यातल्या शाळांतून मुलांना वर्षानुवर्षं सांगितली. लहानग्या जॉर्जने वडिलांच्या आवडत्या झाडावर कुऱ्हाड चालवली आणि न भिता कबुली दिली. ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर एका चरित्रकाराने रचलेली आहे, हे मला फार उशिरा कळलं. खरी गोष्ट अशी, की जॉर्ज अकरा वर्षांचा असताना वडील वारले, आणि वाटणीत त्याच्या नावावर दहा गुलाम माणसं आली. १७९९ साली तो वारला तेव्हा माउंट व्हर्नन या त्याच्या वाडीवर ३१७ गुलाम राबत होते. त्यांतले १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे.

त्या घरात ओना जज नावाची एक मुलगी होती. वॉशिंग्टनच्या पत्नी मार्था यांच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली गुलाम. शिवणकाम करायचं आणि बाईसाहेबांचा साजशृंगार बघायचा, हे तिचं काम. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना घरातल्या काही गुलामांबरोबर तिलाही फिलाडेल्फियाला नेलं. तिथला कायदा असा, की बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सलग सहा महिने राहिला तर तो सुटका मागू शकतो. म्हणून मुदत भरायच्या आत या माणसांना काही दिवस राज्याबाहेर पाठवायचं आणि परत आणायचं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. याची वाच्यता होऊ नये, अशी ताकीद वॉशिंग्टन यांनी आपल्या चिटणिसाला दिली होती. ज्याच्या हाताने एक देश स्वतंत्र झाला, तो माणूस घरात महिने मोजत होता.

१७९६च्या मे महिन्यात, आपल्याला मार्थाबाईंच्या नातीला देऊन टाकणार आहेत हे ओनाला कळलं. घरची मंडळी जेवायला बसली होती. ती उठली आणि घराबाहेर पडली, ती जहाजाने थेट न्यू हॅम्पशायरमध्ये. तिला पकडून देणाऱ्याला दहा डॉलरचं बक्षीस लावल्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली. राष्ट्राध्यक्षांची माणसं तिच्यापर्यंत पोहोचलीही. ती परत गेली नाही. कष्टात, गरिबीत राहिली, पण तिथे ती वाचायला शिकली. देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या घरी तिला कोणी अक्षरओळख करून दिली नव्हती. १८४८ साली ती वारली. कायद्याच्या दृष्टीने ती तेव्हाही पळालेली गुलामच होती.

१८४८ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. जोतीराव फुल्यांनी त्याच साली पुण्यात मुलींची शाळा काढली. आणि त्या शाळेची वाट आपल्या नगरवरून जाते. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८३९पासून मुलींना शिकवत होत्या. त्यांची शाळा जोतीरावांनी पाहिली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडेच घेतले. या फरारबाई मूळच्या न्यू हॅम्पशायरच्या. ओनाने ज्या राज्यात आसरा घेतला, त्याच राज्यात तिच्या येण्याच्या आदल्या वर्षी त्यांचा जन्म.

इथवर सगळं छान जुळतं. पण पुढचं सांगितलं नाही तर मी तुमच्याशी खोटं बोललो, असं होईल. फरारबाईंना पाठवलं बोस्टनच्या मिशन बोर्डाने. चेरोकी आणि चोक्टॉ या मूळ अमेरिकन जमातींत याच बोर्डाची चर्चं होती, आणि गुलाम बाळगणारी माणसं तिथे सभासद होती. गुलामांच्या मालकांकडून आलेल्या देणग्याही बोर्ड घेत असे. हे थांबवा, असा आग्रह गुलामगिरीच्या विरोधकांनी धरला. बोर्डाने तो मानला नाही. शेवटी १८४६ साली या विरोधकांनी वेगळी संस्था काढली. म्हणजे नगरच्या मुली ज्या बोर्डाच्या आधाराने पाटीवर अक्षरं गिरवत होत्या, त्याची तिजोरी निर्मळ नव्हती. फरारबाईंना मी दोष देत नाही. नगरसाठी त्यांनी आयुष्य वेचलं, त्या वारल्याही इथेच, १८६२ साली. त्यांचं ऋण खरं आहे. त्या पैशावरचा डागही खरा आहे.

जोतीरावांनी तरुणपणी शिवाजी महाराजांच्या चरित्राबरोबर वॉशिंग्टनचंही चरित्र वाचलं होतं, त्यातून त्यांना बळ मिळालं होतं. तरीही १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं, तेव्हा अर्पणपत्रिकेत वॉशिंग्टन आला नाही, जेफरसन आला नाही. माणसं समान आहेत असं १७७६ साली लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८२७ साली, त्याच्या घरची १३० माणसं लिलावात काढली गेली. जोतीरावांनी पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. ज्यांनी वचन लिहिलं त्यांच्यापेक्षा ज्यांनी ते फेडलं त्यांचा मान मोठा, हा त्यांचा निवाडा मला पटतो.

आपल्याकडे हा हिशेब उलटा आहे, आणि तो अधिक बोचतो. १६७७ साली डचांना दिलेल्या कौलात शिवाजी महाराजांनी आपल्या नव्या कर्नाटकी मुलखात माणसांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली. पुढच्या शतकात पेशवाईच्या कागदांत मात्र कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्याच्या नोंदी सापडतात. दळणकांडण करायला बाई विकत आणायची, आणि तिची किंमत वहीत लिहायची. वॉशिंग्टनला बोल लावताना ही वही मिटून ठेवणं मला मान्य नाही.

हे भाषण जिल्ह्यातले शिक्षक ऐकत असतील, तर त्यांना माझी एक विनंती आहे. चेरीच्या झाडाची गोष्ट आता सोडून द्या. वॉशिंग्टन शिकवाल त्या दिवशी फळ्यावर त्याच्या नावाशेजारी ओना जज हे नाव लिहा. पेशवाई शिकवाल त्या दिवशी कुणबीण म्हणजे कोण, हे मुलांना विचारा. उत्तर आलं नाही, तर सांगा.